त्याने दिलेली गाणी: एका ऑनलाइन संगीत-गटाच्या शोकाचे प्रकरण

एकमेकांना कधीही प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसांपैकी एखादा गेला, तर बाकीच्यांनी शोक कसा करायचा, हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. तरीही त्याचे उत्तर प्रत्येक गटाला नव्याने शोधावे लागते. येथे मांडलेले प्रकरण प्रातिनिधिक आहे. गाण्यांच्या देवाणघेवाणीवर उभ्या असलेल्या गटांत एखाद्या सदस्याच्या मृत्यूनंतर जे प्रसंग आणि जे पेच पुन्हा पुन्हा उद्भवतात, ते एका गटाच्या रूपाने एकत्र आणून ते रचले आहे. म्हणून त्यात कोणाचेही नाव नाही. गेलेल्या सदस्याला ‘मित्र’ आणि गटाचे कामकाज पाहणाऱ्या सदस्येला ‘समन्वयक’ एवढेच म्हटले आहे.

गट आणि त्याची रीत

गटाची रीत साधी होती. दर आठवड्याला एक सदस्य विषय देई, उदाहरणार्थ ‘दोनच वाद्ये’ किंवा ‘मध्येच ताल बदलणारे गाणे’, आणि बाकीच्यांनी त्या विषयावर प्रत्येकी एकच गाणे द्यायचे. गाण्यासोबत ते का निवडले याच्या निदान दोन ओळी लिहिणे सक्तीचे होते. नुसती लिंक टाकलेली चालत नसे. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या नियमामुळे सदस्यांच्या आवडीनिवडींबरोबर त्यांच्या आयुष्यातील बऱ्याच गोष्टी गटाला कळत गेल्या, कारण ‘हे गाणे का’ या प्रश्नाचे खरे उत्तर देताना माणूस स्वतःबद्दल बोलल्याशिवाय राहत नाही.

मित्राची गटातील जागा त्याच्या ऐकण्यामुळे तयार झाली होती. तो इतरांची गाणी शेवटपर्यंत ऐके आणि प्रत्येकाला मिनिट-सेकंदासह अभिप्राय देई. ‘२:११ ला बास थांबतो आणि फक्त श्वास ऐकू येतो, तिथे परत जा’, अशा धाटणीचे ते अभिप्राय असत. आवडले नाही तर तेही त्याच नेमकेपणाने सांगे. आपण दिलेले गाणे कोणीतरी एवढ्या लक्षपूर्वक ऐकले, ही जाणीव ऑनलाइन जगात दुर्मीळ असते, आणि तो गेल्यावर नेमके काय गेले हे समजण्यासाठी ती ध्यानात घ्यावी लागते.

बातमी

मृत्यूची बातमी त्याच्याच खात्यावरून आली. त्याच्या बहिणीने त्याच्या संगणकावरून चार ओळी लिहिल्या होत्या. पहिल्या काही तासांत गटात दुःखापेक्षा संशय अधिक होता, आणि त्यात गैर काही नव्हते. इंटरनेटवर आजाराची किंवा मृत्यूची बतावणी करून सहानुभूती मिळवण्याचे प्रकार पूर्वीपासून घडत आले आहेत. मानसोपचारतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी २००० मध्ये या वर्तनाला ‘म्युन्चाउसेन बाय इंटरनेट’ असे नावही दिले. समन्वयकाने येथे दोन गोष्टी चांगल्या केल्या. बातमी खरी ठरेपर्यंत तिने तो धागा बोलण्यासाठी बंद ठेवला, आणि खातरजमा करण्याचे काम सर्वांसमोर न करता एकटीने, खासगी संदेशातून केले. ज्या बहिणीचा भाऊ नुकताच गेला आहे तिच्याकडे चाळीस अनोळखी माणसांनी पुरावा मागणे, हा प्रकार त्यामुळे टळला.

मृत्यूचे कारण कुटुंबाने सांगितले नाही. काही सदस्यांनी मित्राचे जुने अभिप्राय आणि शेवटी दिलेली गाणी चाळून तर्क लढवायला सुरुवात केली, तेव्हा समन्वयकाने तो विषय ठामपणे थांबवला. गाण्यांच्या निवडीवरून माणसाच्या मनाचे निदान करणे हा संगीतप्रेमींचा जुना दोष आहे. ज्याने आयुष्यभर उदास गाणी ऐकली तो आतून मोडलेला होता असे ठरत नाही, आणि शेवटच्या आठवड्यात त्याने नाचाचे गाणे दिले होते यावरूनही काही सिद्ध होत नाही.

पुढचे दोन-तीन दिवस सदस्यांनी एकमेकांना जे लिहिले त्यात एक सूर वारंवार येत होता: हे दुःख घरात किंवा कामाच्या ठिकाणी कसे सांगायचे? ‘कोण होता तो तुझा?’ या प्रश्नाला ‘आम्ही एकमेकांना गाणी पाठवायचो’ हे उत्तर खरे असूनही ऐकणाऱ्याला अपुरे वाटते. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ज्याला समाजाची मान्यता न मिळालेला शोक म्हटले, तो हाच. नाते समाजाच्या यादीत नसले, की त्याच्या तुटण्याचे दुःखही हिशेबात धरले जात नाही. ना रजा मिळते, ना कोणी सांत्वनाला येते. अशा वेळी ज्यांना ते नाते ठाऊक आहे अशी माणसे फक्त गटातच असतात, त्यामुळे शोकाचा सगळा भार गटावर येतो.

यादी

पहिल्याच दिवशी कोणीतरी सामायिक प्लेलिस्ट उघडली आणि संध्याकाळपर्यंत तीत तीसेक गाणी जमली. त्यांतील बहुतेक गाणी निरोपाची, मरणाची, आठवणींची होती. ती चांगली होती, पण ती कोणाच्याही मृत्यूनंतर कोणीही लावली असती. एका जुन्या सदस्याने ते स्पष्टपणे लिहिले. त्याचे म्हणणे असे, की ही यादी ऐकून मित्राला ओळखता येत नाही, आणि तो स्वतः तिसऱ्या गाण्यालाच कंटाळला असता. त्याने पर्याय सुचवला: प्रत्येकाने फक्त असेच गाणे द्यावे जे मित्र आणि आपण यांच्यामध्ये खरोखर आले-गेले होते. एकतर त्याने आपल्याला दिलेले, किंवा आपण दिल्यावर त्याने अभिप्राय दिलेले. सोबत नेहमीप्रमाणे कारण लिहावे, आणि त्याने दाखवलेला सेकंद आठवत असेल तर तोही लिहावा.

या प्रकरणात निर्णायक ठरली ती हीच सूचना. गेलेल्यासाठी निवडलेले गाणे आणि गेलेल्याने दिलेले गाणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात निवडणाऱ्याची भावना असते. दुसऱ्यात नात्याचा पुरावा असतो. ज्यांच्यापाशी एकत्र काढलेला फोटो नाही, एकत्र केलेला प्रवास नाही, त्यांच्यापाशी दोघांनी ऐकलेले हे साडेचार मिनिटांचे ध्वनिमुद्रण मात्र आहे, आणि दोघांनीही ते तेच ऐकले आहे. दूरच्या मैत्रीत इतकी समसमान वाटली जाणारी वस्तू सहसा दुसरी नसते.

शोकाच्या अभ्यासातही या निवडीला आधार सापडतो. फ्रॉइड यांच्या १९१७ च्या निबंधापासून बराच काळ असे धरले जाई, की शोकाचे काम म्हणजे गेलेल्या माणसातून मन काढून घेणे. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या १९९६ च्या ग्रंथाने याला वेगळे वळण दिले. नाते तुटत नाही, त्याचे रूप बदलते आणि माणसे बदललेल्या रूपात ते पुढे चालवतात, अशी ती मांडणी होती. यादीतील नोंदी वाचताना याचा प्रत्यय येतो. एका सदस्येने लिहिले होते, की मित्राने दाखवलेला झांजेचा एक चुकलेला ठोका तिला आता दर वेळी ऐकू येतो आणि तो ऐकू न येणारे गाणे तिला परत मिळणार नाही. तिच्या कानात त्याने कायमचा बदल केला होता, आणि तिने या नोंदीत तोच जपून ठेवला.

दुःखी गाणी दुःखाला वाढवतात की हलके करतात, हा वाद गटात झाला. लिला तारुफी आणि स्टेफान कोल्श यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ७७२ जणांच्या पाहणीत उदास संगीत ऐकताना सर्वाधिक लोकांनी अनुभवलेली भावना दुःखाची नव्हती, तर गतकाळाच्या ओढीची होती. गटातील बहुतेकांचा अनुभव तसाच होता. पण सगळ्यांचा नव्हता, आणि त्याकडे पुढे यावे लागेल.

यादीतील सर्वांत गाजलेली नोंद मात्र हसवणारी होती. एका सदस्याने मित्राला अजिबात न आवडलेले, भडक वाद्यमेळाचे एक गाणे दिले आणि त्याखाली मित्राचा जुना अभिप्राय जसाच्या तसा ठेवला. त्यात त्याने ०:४० पासून शेवटपर्यंत प्रत्येक चुकीचा सेकंद नोंदवला होता. काहींना हे अप्रस्तुत वाटले. शोकसभेत खोड्या काढू नयेत, असे एकाने लिहिले. समन्वयकाने नोंद काढली नाही, आणि माझ्या मते ते योग्यच होते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार शोक करणारा माणूस दुःखाला सामोरे जाणे आणि दुःखापासून विसावा घेणे यांच्यात ये-जा करीत असतो. त्यांतील कोणतीही एकच बाजू धरून बसणे त्याला झेपत नाही. शिवाय, फक्त गोड आठवणींची यादी लवकरच खोटी वाटू लागते. तिरकस बोलणारा मित्र तिरकसच आठवला पाहिजे.

या नियमाची एक बाजू लंगडी होती. नुकतेच आलेले सदस्य, ज्यांच्याशी मित्राचा एकही व्यवहार झाला नव्हता, ते आपोआप यादीबाहेर राहिले. त्यांनाही दुःख झाले होते, निदान गटाच्या दुःखाने ते अस्वस्थ होते. बऱ्याच उशिरा ठरले, की त्यांनी यादीतील कोणतेही गाणे ऐकून मित्राच्या पद्धतीने त्याला सेकंदासह अभिप्राय लिहावा. हे आधी सुचायला हवे होते. तोपर्यंत दोघे जण गट सोडून गेले होते.

‘आता ऐकत आहे’

गटातील अनेक जण आपली श्रवणनोंद ठेवणारी सेवा वापरत होते. या सेवेत सदस्य काय ऐकतो आहे हे इतरांना त्याच क्षणी दिसते. बातमीनंतर काही आठवड्यांनी एका रात्री मित्राच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसू लागला आणि त्याखाली यादीतील चौथे गाणे वाजत असल्याची ओळ आली. ते संपल्यावर पाचवे आले. जागे असलेल्या सदस्यांनी ते पाहिले. एकीला क्षणभर आनंद झाला आणि त्या आनंदाची तिला नंतर भीती वाटली. दुसरा हादरला आणि त्याने खाते ताबडतोब बंद करा असा आग्रह धरला. तिसरा म्हणाला, हे आहे तसे राहू दे.

घडले होते ते अगदी साधे होते. बहीण भावाच्या संगणकावर, त्याच्याच हेडफोनने, ती यादी ऐकत होती आणि संगणकावर त्याचे खाते उघडेच होते. आपले ऐकणे परक्यांना दिसते आहे हे तिला माहीत नव्हते. समन्वयकाने तिला हळुवारपणे ते सांगितले आणि पुढे काय करायचे हे तिच्यावर सोपवले. गटातील चर्चेला समन्वयकाने दाद दिली नाही, आणि ती देऊ नये हेच बरोबर होते, कारण शोकात असलेल्या घरातील माणसाच्या एकांतापेक्षा गटाची सोय किंवा गैरसोय मोठी असू शकत नाही. बहिणीने नोंद खासगी केली. त्यानंतर तिने एक प्रश्न विचारला: प्रत्येक गाण्याखाली लिहिलेले हे आकडे कसले? सेकंदांचे ते प्रकरण तिला प्रथमच कळले. घरात भाऊ हेडफोन लावून बसलेला दिसे, एवढेच तिच्या वाट्याला आले होते.

मागे राहिलेल्या खात्यांचा विचार मोठ्या कंपन्यांनी टप्प्याटप्प्याने केला आहे. फेसबुकने २००९ मध्ये स्मृतिखात्याची आणि २०१५ मध्ये वारस-संपर्क, म्हणजे मृत्यूनंतर खाते सांभाळणारी व्यक्ती, नेमण्याची सोय दिली; गूगलने २०१३ मध्ये निष्क्रिय खात्यांसाठी तशी व्यवस्था आणली आणि ॲपलने २०२१ मध्ये. मित्राने यांपैकी काहीच केलेले नव्हते. फार थोडे लोक करतात, आणि गाणी ऐकण्याच्या खात्याबाबत तर हा विचार कोणाच्या मनातही येत नाही; पण माणसाची वर्षानुवर्षांची आवड जिथे तारीखवार साठलेली असते ते खाते त्याच्या डायरीहून फार वेगळे नसते.

अर्धे राहिलेले गाणे

गटाच्या सामायिक फोल्डरमध्ये मित्राची एक अपुरी चाल होती: गिटारचे दोन ट्रॅक आणि त्यावर गुणगुणलेली सुरावट. शब्द नव्हते. ते पूर्ण करावे अशी सूचना आली तेव्हा उत्साह मोठा होता. सर्वांनी एकाच वेळी वाजवणे शक्य नाही हे लवकर ध्यानात आले. एकत्र वादन करताना साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांहून अधिक विलंब झाला की लय ओढली जाऊ लागते. हवेतून ध्वनी तेवढ्या वेळात सुमारे दहा मीटर जातो. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जात असला, तरी दहा हजार किलोमीटरवरच्या सहवादकापर्यंत पोहोचायला त्याला एका दिशेनेच ५० मिलिसेकंद लागतात, आणि यंत्रणेचा वेळ त्यात आणखी मिळतो. म्हणून प्रत्येकाने मित्राचा ट्रॅक कानात ठेवून आपले वादन स्वतंत्र ध्वनिमुद्रित करायचे आणि एका सदस्याने ते जुळवायचे, असे ठरले.

जुळवणाऱ्या सदस्याने पहिल्या मिक्समध्ये मित्राच्या गुणगुणण्यातला एक उतरलेला सूर सॉफ्टवेअरने नीट करून टाकला आणि सुरुवातीचा खुर्चीचा आवाज कापला. व्यावसायिक कामात हे कोणीही करील. पण ऐकणाऱ्यांना ते लगेच खटकले, आणि बराच वाद होऊन सूर आणि खुर्ची दोन्ही परत आणली गेली. शब्द लिहावेत का, यावर मत विभागलेले राहिले. एकाने मित्राच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून कृत्रिम आवाज तयार करून त्यात शब्द गाववण्याची कल्पना मांडली. बहिणीने एका वाक्यात नकार दिला आणि तिथेच तो विषय संपला.

तिचा नकार केवळ भावनेचा नव्हता. रचनेचे हक्क रचनाकाराबरोबर संपत नाहीत. ते वारसांकडे जातात, आणि लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकतात. सामायिक फोल्डरमध्ये फाइल ठेवली म्हणून ती गटाची होत नाही. परवानगी आधी मागायला हवी होती, उत्साहात ती नंतर मागितली गेली. बहिणीने गटात ऐकण्यापुरती संमती दिली, जाहीर प्रसारणाला दिली नाही. शब्दांविना, फक्त साथ भरलेले ते साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण गटापुरतेच राहिले.

टिकवणे आणि थांबणे

काही महिन्यांत यादीतील दोन गाणी राखाडी झाली, म्हणजे परवाना संपल्याने ती वाजेनाशी झाली. त्यातून एक बारीक पण महत्त्वाची अडचण लक्षात आली. त्याच गाण्याची दुसरी आवृत्ती जोडली, तर तिची सुरुवात काही सेकंदांनी मागे-पुढे असते आणि मित्राने दाखवलेला २:११ चा क्षण २:१४ वर जातो. तेव्हा गटाने यादीची साधी लिखित प्रत तयार केली. त्यात गाणे, कलाकार, कोणत्या वर्षीचे प्रकाशन, कोणती आवृत्ती, कारण आणि सेकंद असे सगळे नोंदवले. परक्याच्या सर्व्हरवर ठेवलेल्या वस्तूची शाश्वती नसते. मायस्पेस या एकेकाळी लोकप्रिय असलेल्या समाजमाध्यमावर २०१६ पूर्वी चढवलेले संगीत स्थलांतरात नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा असंख्य हौशी वादकांची एकमेव प्रत गेली.

आता त्या सदस्याकडे येऊ, ज्याचा अनुभव इतरांसारखा नव्हता. तो रोज रात्री यादी सुरुवातीपासून लावी, विषयांच्या फेरीत भाग घेणे त्याने सोडले होते, आणि जो कोणी उत्तर देईल त्याच्याशी तो तेच तेच बोलणे पुन्हा करी. सँड्रा गॅरिडो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये संगीताभोवतीच्या सामूहिक चर्वितचर्वणाचा अभ्यास मांडला. नैराश्याकडे कल असलेल्यांनी एकत्र बसून उदास संगीत ऐकणे आणि उदास गोष्टींवर बोलत राहणे त्यांना अधिक खाली नेऊ शकते, असा त्याचा रोख आहे. म्हणजे ज्या यादीने बहुतेकांना सावरले तीच एखाद्याला अडकवून ठेवू शकते. शोक आजार कधी ठरतो याची घाई करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, प्रदीर्घ शोकविकारासाठी किमान सहा महिन्यांची, तर अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या निदान-पुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-५-टीआरमध्ये, प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची अट आहे. पण विकार ठरेपर्यंत वाट पाहणे आणि विचारपूस करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. समन्वयकाने त्याला खासगीत विचारले, तज्ज्ञाकडे जाण्याचे सुचवले, आणि फेरीचा पुढचा विषय देण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. त्याने विषय दिला. तज्ज्ञाकडे तो गेला की नाही हे गटाला कळण्याचे कारण नव्हते.

साप्ताहिक फेरी तोवर पुन्हा सुरू झाली होती. सेकंदासह अभिप्राय देण्याचे काम कोणा एकाकडे दिले नाही, आणि द्यायचा प्रयत्न केला असता तर तो फसला असता. स्मृतिदिनाला सर्वांनी एकाच वेळी यादी ऐकावी अशी सूचना आली, तेव्हा ज्याला ऐकायची त्याने ऐकावी, हजेरी लागणार नाही, असे ठरले. यादीत भर घालणे चालू ठेवले, कारण त्याने दिलेली गाणी लोकांना जुन्या संदेशांत अजून सापडत होती.

मित्राचे खाते आपण वर्षअखेरीस बंद करू, असे बहिणीने कळवले आहे. त्याआधी त्याने सर्वांसमोर लिहिलेल्या अभिप्रायांची प्रत काढून ठेवण्यास तिने संमती दिली आणि समन्वयकाने ती काढली. खासगी संदेश त्यातून वगळले आहेत. ते ज्याचे त्याच्यापाशी आहेत, आणि त्यांचे काय करायचे हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.